कोंबडीचं पडसं, गल्लीची बैठक

निपाणीत शिंकेला कुणी आजार म्हणत नाही. गावात तंबाखूच्या वखारी आहेत. हंगामात जर्द्याची बारीक धूळ हवेत असते आणि वखारीसमोरून जाणारा माणूस दोन शिंका देऊनच पुढं सरकतो. परगावचा पाहुणा सलग शिंकायला लागला तर त्याला कुणी औषध विचारत नाही. "पहिल्यांदाच आलाय जणू निपाणीला," एवढंच म्हणतात. अशा गावात परसातली एखादी कोंबडी शिंकली तर कोण लक्ष देणार? पहिले दोन दिवस तिला गावकरी समजून सोडून दिलं जातं.

तिच्या शिंकेची पहिली अधिकृत नोंद घेते ती आक्का. निपाणीपासून बेळगावपर्यंत कुठल्याही गल्लीत जा, एक आक्का असतेच. तिच्या घरी कोंबड्या असोत वा नसोत, गल्लीतल्या समस्त कोंबड्यांची जनगणना तिला तोंडपाठ असते. कुणाची खुडूक बसलीय, कुणाची शेजारच्या कडब्यात अंडी घालते, कुणाचा कोंबडा रात्री तीनलाच आरवतो, सगळं. ती भिंतीवरून मान काढून सांगते, "अवो, तुमची ती तांबडी तलंग रातभर घुरघुरायल्याय. बघा की जरा." आता तलंग रातभर घुरघुरत होती हे आक्काला कळलं, म्हणजे आक्काही रातभर जागी होती. पण ती कशासाठी जागी होती, हे विचारायचं नसतं.

शास्त्र मात्र आक्काच्या बाजूनं आहे. कोंबडीची छाती तपासायची तर रात्रीच. दिवसा तिच्यामागं धावताना आपल्यालाच धाप लागते आणि घरघर तिची की आपली हे ठरवता येत नाही. रात्री सगळ्या दांडीवर बसल्या, सगळीकडं निवांत झालं, की खुराड्याला कान लावायचा. ओलसर घरघर ऐकू येते, मधेच बारीक 'चिक्' अशी शिंक येते. जनावरांचे डॉक्टरही हेच सांगतात. अडचण एवढीच, की रात्री साडेअकराला परसात वाकून खुराड्याला कान लावलेला माणूस मागून बघणाऱ्याला कोंबडीचोरच वाटतो. पाठीवर बॅटरीचा झोत पडतो, "कोण हाय रं तिथं?" आणि "मी हाय, कोंबडीचा आवाज ऐकायलोय," या उत्तरावर आजवर कुणाचा विश्वास बसलेला नाही.

कोंबडीची छाती हा मुळात विचार करण्यासारखा प्रकार आहे. आपल्याला छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असतं, कोंबडीला तसं नसतं. तिची फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली. ती आपल्यासारखी फुगत नाहीत, आकसत नाहीत. हवा खेळवायचं काम अंगभर पसरलेल्या नऊ पिशव्या करतात, आणि त्यांतल्या काही तर थेट हाडांच्या पोकळीपर्यंत पोचलेल्या असतात. गंमत म्हणजे फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहते. एकेरी वाहतुकीचा जो नियम आमच्या बाजारपेठेत कुणाला पाळता आला नाही, तो कोंबडीच्या छातीत बिनपोलिसाचा चाललाय. पण या उत्तम व्यवस्थेत एक खोट राहून गेली. श्वासपटल नाही, त्यामुळं दणकून खोकता येत नाही. सकाळी उठून घसा खाकरून साऱ्या गल्लीला जागं करण्याचं सुख फक्त माणसाचं. कोंबडीचा कफ बाहेर पडायच्या ऐवजी पिशव्यांच्या वाटेनं आत सरकतो. मग ती मान लांब करते, चोच उघडते आणि आभाळाकडं बघत श्वास ओढते. बघणाऱ्याला वाटतं, देवाचं नाव घेतेय.

बरं, घरघर ऐकू आली. पुढं काय? इथंच खरी मौज आहे. घरघर एक आणि तिच्यावर दावा सांगणारे रोग पाच-सहा. मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूमुळं होणारी जुनाट सर्दी, जिला पोल्ट्रीवाले सीआरडी म्हणतात, ती महिनोन्महिने रेंगाळते, बरी झाल्यासारखी वाटते, थंडी-पाऊस पडला की परत येते आणि अंड्यातून पुढच्या पिढीलाही पोचते. कोरायझा झाला, की नाकातून घाण वासाचं पाणी येतं, डोळ्याखाली सूज चढते आणि कोंबडी दाढ ठणकणाऱ्या माणसासारखी एका बाजूनं सुजलेलं तोंड घेऊन फिरते. ब्राँकायटिसमध्ये अंड्याचं कवच वेडंवाकडं, सुरकुतलेलं होतं. ओलं भुसकट किंवा बुरशी लागलेला मका खुराड्यात राहिला, तर बुरशी थेट छातीत घर करते. आणि या सगळ्यांचा थोरला म्हणजे राणीखेत, आपल्याकडची मानमोडी. आधी शिंक, मग हिरवी हगवण, मग मान पिळवटून पाठीवर, आणि लस न दिलेला कळप असेल तर चार-आठ दिवसांत खुराडं रिकामं. १९२६ साली हा रोग जावा बेटात आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला ओळखला गेला, १९२७ साली आपल्याकडं राणीखेतला. तेव्हापासून हिमालयातल्या त्या देखण्या गावाचं नाव घेतलं, की आमच्याकडच्या बायका आधी परसात धावतात.

यांतला नेमका कुठला, हे नुसत्या कानानं कळत नाही. डॉक्टर म्हणतात, "मेलेली कोंबडी बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवा, अहवाल येईल." अहवाल म्हटलं, की सीमाभागातला माणूस एक सुस्कारा सोडतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला, त्या वादाचं भांडण २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्या लोकांनी एका अहवालात तीन पिढ्या घालवल्या, ते कोंबडीसाठी दुसऱ्या अहवालाची वाट बघायला सहसा तयार होत नाहीत. त्यापेक्षा ते आपसांत विचारतात.

आणि आपसांत विचारलं, की औषधं सुरू होतात.

गल्लीतले तात्या हयातभर तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. जगात असा रोग नाही, ज्यात तंबाखूचा उपयोग नाही, यावर त्यांची श्रद्धा आहे. कोंबडीच्या अंगावरच्या उवा मारायला तंबाखूची भुकटी पूर्वी वापरत, हे खरं. पण तात्या तेवढ्यावर थांबत नाहीत. "तंबाकूचं पाणी दोन थेंब नाकात सोडा, सगळं मोकळं हुतंय." मोकळं होईल यात शंका नाही, निकोटीन कोंबडीला विष आहे, त्यामुळं जीवही मोकळा होईल. आक्काचा भर हळद-लसणावर. कोंबडीला हळद, लसूण, आलं, तुळस आणि थोडा गूळ यांचा गोळा भरवताना बघितलं, की हा उपचार आहे की मॅरिनेशन, असा प्रश्न पडतो. पलीकडचे कंडक्टरमामा निवृत्त होईपर्यंत कोल्हापूरच्या गाडीवर होते. दोन राज्यांत रोज जाऊन-येऊन त्यांचं ज्ञान दुप्पट झालंय. ते सांगली आकाशवाणीवरचं मराठी शेतीविषयक बोलणं ऐकतात, धारवाड आकाशवाणीवरचं कन्नडही ऐकतात आणि सांगतात, "दोनीकडं एकच सांगायलेत. लस द्या म्हणून." दोन्ही बाजूंचं एकमत झालेला हा विषय, पण दोन्हीकडून एकच गोष्ट ऐकू आली, की आमच्या भागात लोकांना संशय येतो. लस बाजूला राहते.

मग मेडिकल दुकान. तिथं जाऊन "पडशावरची गोळी द्या," म्हणायचं. "कुणाला?" असं विचारलं तर "घरात हाय एकजण," म्हणायचं. माणसाची अँटिबायोटिकची कॅप्सूल आणून ती अंदाजानं चार भागांत वाटायची, एक भाग भातात. डॉक्टर कळवळून सांगतात, की राणीखेत, ब्राँकायटिस हे विषाणूचे रोग, त्यांना अँटिबायोटिकचा काहीही उपयोग नाही. कोरायझा किंवा सीआरडीत त्यानं लक्षणं दबतात, पण कोंबडी आतून रोग बाळगून फिरतच राहते. शिवाय औषध कोंबडीला दिलं, तरी त्याचा अंश अंड्यात उतरतो, म्हणून काही दिवस अंडी खायची नाहीत. हे शेवटचं वाक्य ऐकून घरातलं माणूस गप्प होतं. कोंबडीसाठी औषधाचा खर्च सोसणं एकवेळ जमतं, पण आलेलं अंडं फेकायचं म्हणजे काय? अंडं शेवटी "पोरं न्हाई खात, म्हाताऱ्यास्नी द्या," या तोडग्यावर सुटतं.

या सगळ्या धांदलीत खुराड्याकडं कुणी बघत नाही, आणि निम्मा रोग तिथंच असतो. कोंबडी शिंकली म्हणजे तिला गारठा बाधला, हे घरोघरी ठरलेलं. म्हणून खुराड्याच्या फटींत चिंध्या, वरून पोतं, पोत्यावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर मागच्या निवडणुकीचा फ्लेक्स. आत हवा जायला जागा नाही. खाली विष्ठा, वर वाफ, आणि दोन्हींच्या मिश्रणातून अमोनिया. सकाळी खुराडं उघडल्यावर आपल्याच डोळ्यांतून पाणी येतं, तरी आपण म्हणतो, "बघ, थंडीनं कशी डोळं मिटून बसल्याय." खरं तर पिसांचं पांघरूण घेऊन जन्मलेल्या कोंबडीला थंडीचं फारसं वाकडं नसतं. तिला हवं असतं कोरडं भुसकट आणि डोक्यावरून वाहणारी हवा. पण ज्या घरात पोराला मार्चपर्यंत कानटोपी घालतात, तिथं कोंबडीला हवा मिळणं कठीण. बेळगावात डिसेंबरात दोन ठिकाणी अधिवेशन भरतं, एक विधिमंडळाचं सुवर्णसौधमध्ये आणि एक खुराड्यात. दोन्हीकडं खिडक्या बंद असतात आणि दोन्हीकडं घसा बसेपर्यंत आवाज चालतो.

कोंबडीच्या प्रत्येक उपचारामागं एक पातेलं उभं असतं, हे मात्र मान्य करायला हवं. गाय आजारी पडली तर घर जागं राहतं. कोंबडी आजारी पडली तर घर हिशेब करतं. देशी कोंबडीची किंमत चार-पाचशे. डॉक्टरला घरी आणायचं तर पेट्रोल, वेळ, चहा. हिशेब रश्श्याच्या बाजूनंच झुकतो. "मरायच्या आत कापू," हे वाक्य कोण पहिल्यांदा बोलणार, एवढंच बाकी असतं. बोलणारा शाकाहारी असेल तर त्याला कुणी दोष देत नाही. कापलेल्या कोंबडीची पिसं, आतडी उकिरड्यावर पडतात, कुत्री-कावळे ती गल्लीभर नेतात, आणि एका खुराड्यातला रोग सात खुराड्यांत जातो. चुन्यासकट खोल खड्ड्यात पुरा, असं पुस्तकात असतं. पण पुरायचं म्हणजे रस्सा नाही आणि वर खड्डा खणायची मेहनत.

यापेक्षा हुशार लोक दुसरा मार्ग धरतात. कळपात दोन कोंबड्या घुरघुरल्या, की उरलेल्या धडधाकट दिसणाऱ्या टोपलीत घालून आठवड्याच्या बाजाराला. राणीखेतचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षण दिसायला सहसा पाच-सहा दिवस जातात. तेवढ्या वेळात कोंबडी निपाणीहून कागलला, कागलहून पाहुण्यांच्या घरी आणि तिथून आणखी कुणाच्या तरी यात्रेच्या पंक्तीला पोचते. कोगनोळीच्या नाक्यावर २०२१ साली माणसांना आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय पुढं सोडत नव्हते. त्याच वर्षी डिकीत टोपली घेऊन जाणाऱ्याला "काय हाय?" एवढंच विचारलं जाई. "कोंबड्या हाईत." "जावा."

रोग हद्दीबाहेर घालवून द्यायचा, ही आपली जुनी खोड आहे. गावात पटकी, देवी असली साथ आली, की मरीआईचा गाडा काढत. देवीला नैवेद्य दाखवत, कोंबडं ओवाळत आणि गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेवर नेऊन सोडत. शिवेपलीकडच्या गावाला तो दिसला, की ते लोक आपला नारळ फोडून त्याला पुढच्या शिवेवर ढकलत. गाडा असा गावोगाव फिरे, आणि बहुधा साथही त्याच्या मागोमाग फिरत असे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या हद्दी आखल्या गेल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडं हद्दीचं राजकारण असं जोरात चालू होतं. कोंबडी त्या सगळ्या प्रकरणात आरंभापासून हजर आहे, फक्त तिची बाजू कुणी मांडलेली नाही.

आणि मग एखाद्या वर्षी उलटं होतं. रोग कोंबडीला होतो, घाबरतो माणूस. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. नवापूर कुठं, निपाणी कुठं. पण आमच्या चिकन दुकानांत माशा वारायलासुद्धा गिऱ्हाईक उरलं नाही. नेतेमंडळी जाहीरपणे तंगड्या खाऊ लागली. राजकारणी माणसाला खाताना बघून लोकांचा विश्वास वाढेल, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला आपला देश नीट कळलेला नसावा. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला कोंबड्या पटापट मेल्या आणि पुन्हा तेच झालं. उकडलेल्या, शिजवलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही, हे सांगून डॉक्टरांचे घसे बसले. त्यांच्याही छातीत घरघर सुरू झाली असेल.

पण सगळ्यांत मोठा अन्याय झाला तो २०२० साली. चीनमधून कोरोना आल्याची बातमी आली आणि फोनवर कुणीतरी कोंबडीचा फोटो जोडला. कोंबडी खाल्ली की कोरोना होतो, हे आठवडाभरात सर्वमान्य झालं. भाव असा कोसळला, की खाद्याचा खर्चही निघेना. मार्चमध्ये आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात, एका पोल्ट्रीवाल्यानं सुमारे सहा हजार जिवंत कोंबड्या खड्डा काढून गाडल्या. त्या कोंबड्यांना कसलाही रोग नव्हता. शिंक त्यांना आली नव्हती, माणसांना आली होती. यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं आहे ते वेगळंच. कोंबडीला स्वतःचा कोरोना आहे, आणि तो आपल्यापेक्षा कितीतरी जुना. ब्राँकायटिस म्हणून वर ज्याचा उल्लेख आला तो हाच. १९३१ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात त्याचं वर्णन झालं. तो माणसाला होत नाही, माणसाचा कोंबडीला झाला नाही. म्हणजे नव्वद वर्षं कोंबड्या आपला कोरोना आपल्या खुराड्यात ठेवून गुमान राहिल्या. आपल्याला नव्वद दिवस जमलं नाही.

तर आता लस.

राणीखेतवर औषध नाही, लस आहे, आणि चांगली आहे. पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब. १९४६ साली न्यू जर्सीतल्या ज्याच्या फार्मवर हा विषाणू मिळाला, त्या मालकाचं आडनाव लासोटा. कळपाला रोग झाला आणि आडनाव अमर झालं, असं भाग्य आपल्याकडच्या कुठल्या पाटलाला लाभलेलं नाही. पुढं दोन महिन्यांच्या सुमारास आरटूबीची सुई. ती आपल्याच मुक्तेश्वरच्या संशोधकांची कमाई. महाराष्ट्रासाठी पुण्याला औंधच्या संस्थेत या लशी होतात, कर्नाटकासाठी बेंगळुरूच्या हेब्बाळला. निपाणीची कोंबडी या दोहोंच्या मधोमध उभी असते आणि तिला दोन्हीकडची चालते. परसात एक गिरिराज हेब्बाळचा, एक वनराजा हैदराबादचा, एखादा हौशी कडकनाथ झाबुव्याकडचा आणि बाकी आपल्या गावठी. एका बाटलीतला थेंब सगळ्यांच्या डोळ्यांत सारखाच उतरतो. रहिवासी दाखला लागत नाही.

अडचण बाटलीची आहे. लहानात लहान बाटली शंभर डोसांची. ती एका कोंबडीच्या किमतीपेक्षा स्वस्त मिळते. पण बर्फात आणायची, बर्फात ठेवायची, आणि एकदा पाणी मिसळून फोडली की दोनेक तासांत संपवायची. उरलेली जपून ठेवता येत नाही. आता परसात कोंबड्या किती? आठ, दहा, फार तर पंधरा. म्हणजे एका घरासाठी बाटली फोडली तर पंच्याऐंशी डोस गटारात. आणि एकट्याच्या कोंबड्यांना लस देऊन भागत नाही, कारण कोंबडी घरची असली तरी चरते गल्लीत. म्हणून डॉक्टर सांगतात, "सगळ्या गल्लीनं एकाच दिवशी, एकाच वेळेला कोंबड्या धरून ठेवा. मी येतो." हे वाक्य बोलताना त्यांचा चेहरा अगदी साधा असतो. आपण काय मागतोय याची त्यांना कल्पना नसते.

कारण मग बैठक घ्यावी लागते. सीमाभागात दोन माणसं एकत्र आली की समिती होते आणि तिसरा आला की तिच्यात गट पडतो. कोंबड्यांची बैठक त्याला अपवाद कशी असेल? पहिला प्रश्न, दिवस कोणता. सोमवारी महादेवाचा वार, मंगळवार नको, गुरुवारी कोंबडीला हात लावणार नाही, शनिवारी मारुती, रविवारी पाहुणे आणि पाहुण्यांसाठी कोंबडी. दुसरा प्रश्न, वेळ. पहाटे सहाच्या आत, अजून खुराडी बंद असताना, हे डॉक्टरांचं मत. "मग आंघोळ कवा करायची?" हे तात्यांचं मत. तिसरा प्रश्न, बर्फाचे आणि बाटलीचे पैसे. घरटी दहा रुपये ठरले, त्यावर एकजण म्हणाला, घरटी कशाला, कोंबडीगणिक घ्या. ज्यांच्या घरी दोन कोंबड्या त्यांना हे पटलं, ज्यांच्या घरी पंधरा त्यांना ही सरळ सरळ लोकशाहीची हत्या वाटली. चौथा प्रश्न अंतिम आणि अनुत्तरित: आजारी कोंबडीचं काय? लस धडधाकट कोंबडीसाठी असते, शिंकणारीला द्यायची नसते. पण आपली कोंबडी शिंकतेय हे चारचौघांत कबूल करणार कोण? प्रत्येकाची ठणठणीत होती. शिंकत होत्या त्या शेजारच्या.

शेवटी एका बुधवारी पहाटे डॉक्टर थर्मास घेऊन आले. आक्का चुलीवर चहा ठेवून गेटावर पहाऱ्याला. मामांनी जुन्या सवयीनं रांग लावली आणि "पुढं सरका, पुढं सरका" सुरू केलं. कोंबड्या डालग्याखाली, पोरं डालग्यावर. थेंब डोळ्यात पडायला अर्धा सेकंद लागतो, कोंबडी हाती यायला दहा मिनिटं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की लशीचा हात आपल्या डोळ्याला लावू नका, डोळा लाल होतो. मामांनी ऐकलं, मान डोलावली आणि लगेच डोळा चोळला. दोन दिवस ते एका डोळ्यानं लाल होते. तात्या ठरल्या वेळी आले नाहीत. लशीत तंबाखू नाही, हे त्यांना पटलं नव्हतं. आणखी चार घरांनी दारं उघडली नाहीत. बाटलीत डोस उरले, आणि डॉक्टरांनी ते नियमाप्रमाणे नष्ट केले. आक्का ते बघून हळहळली: "एवढं वाया? मला तरी सोडायचं हुतं की दोन थेंब, गुडघं लई दुखायल्यात."

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लस दिलेल्या सगळ्या कोंबड्या शिंकायला लागल्या.

हे होतं. ही लस म्हणजे दुबळा पण जिवंत विषाणू. तो अंगात रुजला, की कोंबडीला दोन-तीन दिवस हलकी सर्दी होते आणि आपोआप जाते. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं. पण सांगितलं ते हजर असलेल्यांना, आणि शिंका ऐकू आल्या त्या गैरहजर असलेल्यांना. दुपारपर्यंत गल्लीत दोन पक्ष झाले. तात्या ओट्यावर येऊन बसले. "मी म्हनलो नव्हतो? धडधाकट कोंबड्या आजारी पाडल्यासा. माज्या बघा, लस न घेता कशा फिरायल्यात." त्या फिरत होत्या हे खरं. त्या आक्काच्या कोंबड्यांबरोबर फिरत होत्या, एकाच उकिरड्यावर, एकाच फुटक्या परातीतलं पाणी पीत. आणि या लशीचा विषाणू शेजारच्या कोंबडीला थोडाफार लागतो, डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. भरवशाचा नाही, त्याच्यावर विसंबायचं नसतं, पण लागतो. दोन दिवसांनी तात्यांच्या कोंबड्याही बारीक शिंकल्या आणि नीट झाल्या. म्हणजे जी एकी बैठकीत झाली नाही, ती उकिरड्यावर झाली. तीही वर्गणी न देता.

त्या पावसाळ्यात पलीकडच्या पेठेत मर लागली आणि आमची गल्ली बऱ्यापैकी वाचली. याचं श्रेय तात्यांनी तंबाखूच्या हवेला दिलं आणि आक्कानं हळदीला. मामांनी धारवाड आकाशवाणीला दिलं.

आता तीन-चार महिन्यांनी पुन्हा लस द्यायचीय. वर्गणी तीच, घरटी दहा रुपये. तात्यांनी आजच सांगून ठेवलंय, की त्या दिवशी ते कोल्हापूरला जाणार आहेत. दिवस अजून ठरायचाय.